बिनटोकाची सुरी

यमुताईंनी लाकडाला पहिल्यांदा सुरी लावली ती पाय मोडला म्हणून. एकोणीसशे सदुसष्टचा श्रावण होता. मोरीतल्या शेवाळावरून त्या घसरल्या, नडगीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्यांना खाटेवर टाकलं. त्यांचे यजमान मधुकरराव मोतीबागेत छोट्या लाइनीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. बिऱ्हाड कारखान्यामागच्या क्वार्टरात. सकाळी भोंगा झाला की ते निघून जात, पोरं शाळेत जात. रामटेकच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्यांत वाढलेली, दिवसभर पायावर उभी राहणारी ही बाई मग कौलं बघत पडून राही.

"अंगाले मुंग्या लागल्यावानी होते जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हाताले काहीतरी द्या."

तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, जवळ आला होता. धाकट्याच्या लाकडी नंदीचं एक शिंग मागच्याच वर्षी मोडलं होतं. मधुकररावांनी शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा, आपला खिशातला घडीचा चाकू आणि तो एकशिंगी नंदी त्यांच्या उशाशी ठेवला आणि ड्यूटीवर गेले. संध्याकाळी आले तर चादरीवर ढलप्यांचा ढीग, यमुताईंच्या अंगठ्याला चिंधी, आणि शिंग तयार. जरा जाडच झालं होतं, टोकाशी वळण चुकलं होतं. पण शिंग होतं.

मधुकररावांना वाटलं, पोळा झाला की हे खूळ उतरेल. पोळा झाला, प्लास्टर निघालं, यमुताई लंगडत लंगडत पुन्हा पाण्याच्या नळावर जाऊ लागल्या. खूळ मात्र उतरलं नाही. दुपारची भांडी झाली की त्या ओसरीवर बसत, मांडीवर जुनं गोणपाट टाकत आणि लाकूड सोलत राहत. पोपट, खार, बसलेलं कुत्रं. केलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकत. विकायचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. पोपटाचा डोळा साधत नव्हता. चाकूला धार होती, लाकूड चांगलं होतं, हातही आता बसला होता; तरी डोळ्याच्या कोपऱ्याशी आलं की पातं घसरे आणि गालावर ओरखडा उठे. कित्येक दिवस त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या. मग एकदा भाजी चिरताना त्यांच्या लक्षात आलं. चाकूचं टोक होतं वरच्या अंगाला, पाठीच्या रेषेत. धार पोटासारखी गोल होऊन त्या टोकाकडं चढत जाई. त्यामुळं टोक टेकवायचं तर मनगट उचलावं लागे, आणि मनगट उचललं की जोर कुठं पडेल याचा भरवसा नसे. दोष हाताचा नव्हता, पात्याच्या घडणीचा होता.

ही गोष्ट त्यांना आधीच कळायला हवी होती, असं त्या पुढं हसून सांगत. धान कापायला विळा लागतो, तण काढायला खुरपं, भाजीला पावशी, म्हणजे विळी. प्रत्येकाचं वळण वेगळं आणि ते का वेगळं, हे खेड्यातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. विळ्याची धार आत वळलेली, कारण मुठीतलं धान तिनं निसटू द्यायचं नसतं. पावशी खाली रोवलेली, कारण तिथं हात फिरतो, पातं नाही. "मंग लाकडालेच एकच चाकू काहून?" त्यांनी मधुकररावांना विचारलं. मधुकररावांनी आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडांचे पाने वापरले होते. ते म्हणाले, "हे मात्र तू खरं बोलली."

तेव्हापासून यमुताई जिथं जातील तिथं लोकांची पाती बघू लागल्या. न्हाव्याचा वस्तरा, नारळवाल्याचा कोयता, पानवाल्याची कात्री. कमाल चौकातल्या चांभारासमोर त्या एकदा इतका वेळ उभ्या राहिल्या, की तो म्हणाला, "बाई, चप्पल देता का?"

"चप्पल नाही जी. तुमची रापी पाहून राहिली."

त्यानं रापी पुसून त्यांच्या हातात दिली. रुंद पातं, धार बाजूला नाही तर पुढं, तोंडाशी. कातडं ढकलत सोलायचं हत्यार. यमुताईंनी ती अंगठ्यानं जोखली, परत दिली आणि घरी येऊन बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीनं कापायला बसल्या. पात्याचे नमुने होते ते. हातात धरायचे, लाकडावर टेकवून बघायचे, नाही पटला की कडेला चार कातर मारायच्या. ओसरीवर बसून पुठ्ठ्याच्या सुऱ्यांनी लाकूड कापायचं सोंग करणारी बाई पाहून नळावरच्या बायका काय म्हणाल्या असतील ते वेगळं सांगायला नको.

पुठ्ठ्याचे निवडक नमुने घेऊन त्या जुन्या मंगळवारीत ताराचंद लोहाराकडं गेल्या. ताराचंद विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या धावा करणारा माणूस. हात चांगला, बोलणं कमी. त्यानं पुठ्ठे उलटसुलट करून पाहिले.

"धंदा करता का बाई?"

"नाही. हौस आहे."

"हौसेले इतके नमुने?"

"एका नमुन्यानं भागत असतं तर तुमच्याकडं काहून आली असती?"

ताराचंदनं मग वाद घातला नाही. घासून संपलेल्या कानशींचं पोलाद भट्टीत घालून त्यानं पाती केली. पहिली बरीच वाया गेली. लांबडं पातळ पातं लाकडात शिरलं की लवे आणि थरथरे. एकाला इतकी उतरती धार दिली, की शिवणीची गाठ लागताच तिची कड उडाली. यमुताई ती परत नेत, काय झालं ते जसंच्या तसं सांगत आणि पुन्हा पुठ्ठा कापत. ताराचंदलाही त्यात गोडी वाटू लागली. पुढं पुढं तो स्वतःच विचारी, "बाई, मागचं कसं चाललं?"

वर्षा-दोन वर्षांत तीन पाती त्यांच्या हातात ठरली. एक सरळ धारेचं, आखूड. त्याची पाठ पुढं उतरत येऊन धारेला मिळे, म्हणून टोक थेट बोटाखाली येई. डोळा, नाकपुडी, खुराची फट यासाठी ते. दुसरं पोट असलेलं. पाठीचा, मानेचा लांब उतार त्यानं एका ओढीत निघे. तिसरी आकडी, टोकाशी विळ्यासारखी वळलेली, वाटीसारखा खळगा करायला. यमुताई त्यांना सरळी, पोटाळी आणि आकडी म्हणत. पोपटाचा डोळा सरळीनं पहिल्याच दिवशी साधला. त्या संध्याकाळी मधुकररावांनी तो पोपट कारखान्यात नेऊन सगळ्या फिटरांना दाखवला.

चौऱ्याहत्तर साली शेजारच्या क्वार्टरात मनकर्णाबाई राहायला आल्या. मुलगा रेल्वेत लागला होता, आणि बरोबर मुलगी होती, नीला. विशीतली, उंच, भरपूर बोलणारी. लहानपणी देवीच्या तापात तिची नजर गेली होती. एका सरकारी कचेरीत ती वेताच्या खुर्च्या विणायचं काम करी. भाऊ सायकलवर सोडी, येताना ती बरोबरच्या बाईचा हात धरून येई.

मनकर्णाबाई पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा यमुताईंनी नीलाच्या हातात बैल दिला. पॉलिश पेपरनं घासून घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला, त्यांच्या मते आजवरचा सगळ्यांत देखणा. नीलानं तो दोन्ही हातांनी फिरवला, वशिंडापासून शेपटीपर्यंत बोटं नेली आणि परत दिला.

"कसा आहे?" यमुताईंनी विचारलं.

"चांगला आहे, काकू. पण सारा एकसारखाच लागते. शिंगही तसंच, पाठही तशीच, खूरही तसेच. साबणाचा केल्यावानी."

मनकर्णाबाईंनी मुलीला दटावलं. "काय बोलून राहिली वं? बाईनं इतक्या मेहनतीनं केला."

"बोलू द्या तिले," यमुताई म्हणाल्या. पण मनाला लागलं होतंच. पाहुण्या गेल्यावर त्या डोळे मिटून बसल्या आणि बैल हातात घेतला. पोरगी खरं बोलली होती. डोळ्यांनी पाहिलं की बैल होता. बोटांना मात्र तो नुसता गोळा लागत होता.

दुसऱ्या दिवसापासून पॉलिश पेपर सुटला. यमुताईंना एक गोष्ट नव्यानं कळली, की त्यांची तीन पाती तीन तऱ्हेची कातडी लाकडावर सोडतात. सरळी छोटे छोटे सपाट पैलू सोडी, पोटाळी उथळ लाटा उठवी आणि आकडीच्या खळग्याला ओलसर वाटावा असा मऊपणा येई. आजवर हे सगळं त्या घासून मिटवत होत्या. आता त्यांनी ते राहू दिलं. शिंगं पैलूदार केली, पाठ लाटांची, कानाची आतली बाजू आकडीची. नवा बैल त्यांनी नीलाच्या हातात दिला. तिचं बोट कानात गेलं, तिथंच थांबलं, मग दुसऱ्या कानात गेलं.

"हा बैल आहे," ती म्हणाली.

मग तिच्या फर्माइशी सुरू झाल्या. उंट कसा असते, काकू? मोराचा तुरा? कासव पाय आत घेते म्हणजे कुठं घेते? यमुताई महाराजबागेत जाऊन पिंजऱ्यासमोर उभ्या राहत आणि घरी येऊन करत. अशी दोन वर्षं गेली. आणि एक दिवस, लाकडी माकडाच्या शेपटीच्या वळणात बोट घालत नीला म्हणाली, "काकू, मले शिकवा."

"काय?"

"लाकूड कोरायले. मी वेत सोलतोच ना चाकूनं."

मनकर्णाबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या तडक आल्या. रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "यमुताई, हिचे डोळे म्हणजे हिची बोटं. एक बोट गेलं तर काय राहते हिच्यापाशी? तुम्हीच सांगा."

 यमुताई म्हणाल्या, "मले थोडे दिवस द्या. मी पाहतो जमते का. नाही जमलं तर मीच तिले नाही म्हणन."

आणि त्यांनी डोळ्यांवर पदर घट्ट बांधला. भर दुपारी, ओसरीवर, लाकूड हातात घेऊन. आधी पोटाळी घेतली, कारण ती सगळ्यांत अलवार कापते. पहिल्या ओढीतच थांबल्या. गोल धारेचा नेमका कोणता भाग लाकडात आहे, हे हाताला कळतच नव्हतं; डोळे हे काम किती गुपचूप करत होते ते आता समजलं. आकडी हातात घेतली आणि न चालवताच खाली ठेवली. तिची धार कापणाऱ्याकडंच तोंड करून असते. मग सरळी. सरळ धार लाकडावर सपाट बसली आणि पाठीवर ठेवलेल्या अंगठ्याला ते बसणं लख्ख कळलं. थोडी तिरपी झाली तरी कळलं. पण ते बोटाखालचं टोक, ज्याच्यासाठी एवढी वणवण केली होती, तेच चिमटीत रुतलं आणि रक्त आलं.

यमुताईंनी पदर सोडला, बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठा ओढला.

नवा नमुना असा निघाला. पातं बोटाच्या दोन पेरांएवढं. धार सरळ. पाठ जाड, वरून गोल घासलेली, अंगठा रेटता येईल अशी. आणि पुढं ती वळून खाली उतरलेली, पण धारेला मिळते तिथं टोकच नाही, नखासारखी गोलाई. मुठीला पाठीच्या बाजूनं उभा कणा आणि धारेच्या बाजूनं सपाटी, म्हणजे अंधारात उचललं तरी धार कुठं आहे ते हात सांगेल. डाव्या अंगठ्याला चांभाराकडून शिवून घेतलेली कातड्याची टोपी.

ताराचंदनं नमुना पाहिला. "टोक भोथरं? बाई, टोकासाठी तर तुम्ही मायी भट्टी थंड होऊ दिली नाही."

"हे माह्यासाठी नाही," यमुताई म्हणाल्या आणि कोणासाठी ते सांगितलं. ताराचंदनं ते पातं इतर कामं बाजूला सारून केलं आणि पाठीची गोलाई आपल्या गालावर घासून तपासली.

नीला शिकली. वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. दोनदा बोट कापलं. एकदा जरा जास्तच. मनकर्णाबाईंनी सुरी उचलून कपाटात ठेवली. यमुताई त्यांच्याकडं जाऊन बसल्या, चहा प्यायल्या, मग म्हणाल्या, "माहा अंगठा पाहा." त्यांनी हात पुढं केला. वीसएक पांढऱ्या रेघा असतील. "स्वयंपाक करतानाही कापते, बाई. आपण पोरीले पावशीवर बसू देतोच ना?" मनकर्णाबाईंनी तो अंगठा चाचपून पाहिला. सुरी संध्याकाळी बाहेर आली. पण हळूहळूच, आईच्या डोळ्यांसमोरच, असं ठरलं.

पहिल्या चमच्यानंतर, पहिल्या लाटण्यानंतर नीलानं आपल्या मनानं एक वस्तू केली. गल्लीतल्या शेळीचं तोंड. ती शेळी रोज तिच्या हातातून भाकर खाई. यमुताईंनी ते हातात घेतलं आणि सवयीनं आधी डोळ्यांनी पाहिलं. डोळे एकसारखे नव्हते, एक कान खाली आला होता. मग त्यांनी डोळे मिटले. जबड्याच्या खाली, जिथं आपण शेळीला कुरवाळताना बोटं घालतो, तिथं एक खोलगट जागा होती आणि त्यांची बोटं आपसूक तिथं जाऊन बसली. लहानपणी शेळ्या पाळलेल्या आणि पुढं इतकी वर्षं कोरलेल्या यमुताईंनी ती जागा आपल्या एकाही शेळीला केली नव्हती. त्या म्हणाल्या, "पोरी, हे मले तू शिकवलं." नीलाला ते खरं वाटेना, तेव्हा त्यांनी आपली शेळी आणि तिची शेळी अशा दोन्ही तिच्या हातात दिल्या आणि "तूच पाहा" म्हणाल्या.

ऐंशी साली वर्ध्याच्या बाजूला अंध मुलींच्या एका शाळेत नीलाला वेतकाम शिकवायची नोकरी लागली. बिनटोकाची सुरी ती बरोबर घेऊन गेली. यमुताईंची दुपार बरेच दिवस मुकी गेली. मधुकरराव निवृत्त झाले होते. ते समोर बसून पेपर मोठ्यानं वाचत, पण नीलासारखी टीका त्यांना जमत नसे. त्यांना सगळंच सुंदर वाटे.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत नीला घरी आली ती सांगतच आली, की शाळेतल्या चार मुलींना तिनं सुरी धरायला शिकवलं आहे आणि आणखी सुऱ्या हव्या आहेत. भाऊबीज झाल्यावर दोघी रिक्षानं जुन्या मंगळवारीत गेल्या. ताराचंद आता घण उचलत नसे, मुलाकडून काम करवून घेई. पण यमुताईंना पाहून स्वतः उठला.

"तशाच करू ना? नमुना आहे मायापाशी."

"तशाच," यमुताई म्हणाल्या.

"चार तशाच," नीला म्हणाली, "आणि एक वेगळी."

तिनं पिशवीतून एक तुकडा काढला. पुठ्ठा नव्हता तो. वेताची कांब तासून, ओली करून वाकवलेली. पातं सरळच, फक्त शेवटाला जरासा आतला वळसा.

यमुताईंनी तो ओळखला. "ही तर आकडी आहे. ही तुले मी मुद्दाम दिली नव्हती."

"माहीत आहे, काकू. तेव्हा बरोबरच होतं ते. पण सरळ धारेनं मले आत जाता येत नाही. वाटी करता येत नाही, शेळीचा कान पोखरता येत नाही. जबड्याखालची जागा मी किती दिवस खरवडून केली ते मलेच माहीत." तिनं कांब ताराचंदच्या हातात दिली आणि त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाखवू लागली. "वळसा इथून सुरू. इतकाच, जास्त नाही. धार फक्त वळशाच्या पोटात. टोकाकडची कड आणि बाहेरची बाजू साफ मोडून टाका, गोल करा. म्हणजे ती लाकडातून निसटली तर पाठच लागन, धार नाही. आणि मुठीचा कणा वळशाच्या रेषेत घ्या, पाठीवर नको. मंग तोंड कुठं वळलं ते मुठीतच समजते."

ताराचंदनं यमुताईंकडं पाहिलं, बाई काय म्हणतात म्हणून. यमुताईंना बोलायचं होतं. कण्याची जागा बदलली तर अंगठ्याचा रेटा कसा बसेल, हे त्यांना दिसत नव्हतं. नाही जमलं तर आपणच नाही म्हणू, असं मनकर्णाबाईंना कबूल केलं होतं, तेही आठवत होतं. त्यांनी ती वेताची कांब मागून घेतली, डोळे मिटले आणि हवेतच वाटी पोखरल्यासारखा हात फिरवला. दोनदा, तीनदा. अंगठा आपोआप कण्याच्या शेजारी जाऊन बसला.

"ती सांगते तसं करा," त्या ताराचंदला म्हणाल्या.

सुरी झाली. नीलानं ती भट्टीजवळच, गार झाल्यावर, शिवणीच्या तुकड्यावर चालवून पाहिली. पहिल्या घेराला अडली, दुसऱ्याला घसरली. ताराचंदच्या मुलानं धार अंमळ उतरती करून दिली, तेव्हा तिसऱ्या घेराला कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली. नीलानं ती उचलून यमुताईंच्या तळहातावर ठेवली.

पुढच्या वर्षी यमुताई शाळेत जाऊन आल्या. व्हरांड्यात सहा-सात मुली ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या डाव्या अंगठ्याला कातड्याची टोपी. त्यांतली एक हत्ती करत होती आणि हत्तीचा पाय केवढा असतो यावरून नीलाशी वाद घालत होती. यमुताईंनी कुणाला काही शिकवलं नाही. चटई ओढून त्याही ओळीतच बसल्या, पिशवीतून पोटाळी आणि एक लाकूड काढलं, आणि घंटा होईपर्यंत त्यांच्याबरोबर कोरत राहिल्या.